कलम सतरा, मु. पो. साळगेवाडी

जवळजवळ दोन महिने मी एका देशाच्या घटनेतलं कलम सतरा होते.

सोळाव्या कलमात मिठावरचा कर होता. अठराव्यात राष्ट्रध्वजाचं कापड पावसात विटू नये म्हणून कुठल्या धाग्याचं असावं, ते होतं. मधे मी. ‘आर्वी विश्राम राऊळ ही साळगेवाडीत राहील.’ एवढंच. कशी राहील, किती वर्षं राहील, तिला विचारलंय का, असल्या फालतू तपशिलांत घटना शिरत नाही.

पण आधी देशाचं सांगते. खाडीपट्टा हे तेव्हा देशातलं सगळ्यात लहान राज्य होतं. दोन खाड्यांच्या मधली तीन तालुक्यांची पट्टी. मधे एक काळ असा आला की लहान राज्यं वाटत सुटले होते, त्यात आम्हालाही एक मिळालं. विधानसभा एका बंद पडलेल्या कोकम कारखान्यात भरायची, त्यामुळे आमदारांचे झब्बे कायम बुडाशी गुलाबी असत. वीस वर्षं अशी गेल्यावर मुख्यमंत्री वारंगबाईंच्या लक्षात आलं की राज्य असण्यात मजा नाही, सगळं दिल्लीला विचारावं लागतं. देश झालो तर कुणाला विचारायला नको. लोकांना हे एकदम पटलं.

दिल्ली आता चिडणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. काहींनी उपोषणासाठी गाद्याही काढून ठेवल्या होत्या. दिल्लीचं उत्तर आलं, ‘कधी निघताय?’

हे लोकांच्या फार जिव्हारी लागलं. आता निघणं भागच होतं.

फक्त एक कायदा आडवा येत होता. ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांनी वेगळं होऊन तगता येतं, हे आधी यंत्रावर दाखवायचं. ज्या अटींवर यंत्रात तगलात, त्या अटी घटनेत घालायच्या आणि पाळायच्या. हे यंत्र आमच्याकडे मासळीच्या शीतगृहात बसवलं होतं, कारण ते भयंकर तापायचं. मी तिथे नार्वेकर सरांची मदतनीस होते. मी स्वेटर घालून कामाला जायचे आणि बांगड्याचा वास घेऊन घरी यायचे.

यंत्र काय करायचं ते सोपं आहे. माणूस दिवसभर स्वतःबद्दल काहीतरी सांडत असतो. फोनवर, विजेच्या मीटरवर, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मासळीच्या लिलावात. पंधरा वर्षांचं हे सांडलेलं गोळा करून यंत्र खाडीपट्ट्यातल्या प्रत्येकाचा एक प्रतिमाणूस तयार करायचं. प्रतिमाणसाला मन नसतं, सवयी असतात. पाऊस लांबला तर हा किती शक्यतेनं कर्ज काढेल, किती शक्यतेनं मुंबईच्या भावाला फोन करेल, किती शक्यतेनं नुसता ओट्यावर बसून राहील. प्रत्येक वळणावर यंत्र फासा टाकायचं. अशी चार लाख प्रतिमाणसं स्वतंत्र देशात सोडायची आणि त्यांना वीस वर्षं जगू द्यायचं. दुपारचं जेवण होऊन चहाची वेळ होईपर्यंत वीस वर्षं संपायची.

गोम अशी की एकाचा फासा वेगळा पडला की तो दुसऱ्याच दुकानात चहा पितो. तिथे त्याला दुसराच माणूस भेटतो. आणि दहा वर्षांनी बंदर भलत्याच गावात असतं. म्हणून एकदा चालवून काहीच कळत नाही. तेच हजारदा चालवायचं आणि हजारात किती वेळा तगलो ते बघायचं. सरांनी हे वारंगबाईंना समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, “हजारदा तर देवालासुद्धा विचारत नाहीत हो.”

इथे देवाचा विषय निघायलाच नको होता. आमच्याकडे गावाला काही ठरवायचं असलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाच्या वतीनं देवाला मोठ्यानं विनवायचं, आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण डावी पडली म्हणून कुणी घरी जात नाही. गाऱ्हाण्यात थोडा बदल करायचा, एखादा कोंबडा कबूल करायचा आणि पुन्हा विचारायचं. उजवी पडेपर्यंत. आणि एकदा उजवी पडली की पुन्हा विचारायचं नाही. तो देवाचा अपमान. सांख्यिकीच्या पुस्तकात या पद्धतीला जे नाव आहे ते चारचौघांत घेण्यासारखं नाही.

कायद्यानं अटी यंत्रासमोर, लोकांच्या देखत, तोंडी मांडायच्या होत्या. यंत्र त्या ऐकून घ्यायचं. मग मांडणार कोण? हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. देवळात चाळीस वर्षं गाऱ्हाणं घालणारे विश्राम राऊळ होते की. माझे बाबा. ते धूतवस्त्र नेसून, वर माझा जुना स्वेटर चढवून शीतगृहात आले, माइकसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “बा यंत्रा महाराजा.”

पहिला कौल डावा. देश चौथ्या वर्षी बुडाला. मग बाबांनी मिठावरचा कर घातला. तरी डावा. पुढचे सगळे डावेच. एकदा आठव्या वर्षी खाडीच्या दोन्ही काठांनी एकमेकांपासून स्वातंत्र्य मागितलं. एकदा सगळा देश एका रिसॉर्टवाल्यानं नव्याण्णव वर्षांच्या भाड्यानं घेतला आणि आम्ही तिथेच वेटर झालो. एकदा सगळं उत्तम चाललं होतं, फक्त डायलिसिसला परदेशी जावं लागायचं, म्हणजे पुलापलीकडे, आणि व्हिसाला तीन आठवडे लागायचे. त्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या घरातलं कुणीतरी होतं.

बावीस कौल डावे गेले. तेविसाव्याला मी हजर नव्हते. माझी मुलाखत होती. लेहजवळच्या एका केंद्रात हिमनद्यांमध्ये किती बर्फ उरलाय ते मोजायचं काम. मुलाखतीला पणजीला गेले होते. मला नोकरी मिळाली. ही बातमी कुणाला पहिली सांगायची याचा विचार करत बसमधून उतरले, तर तिठ्यावर बँड वाजत होता. मला क्षणभर वाटलं, यांना कसं कळलं?

नार्वेकर सर माझी वाटच बघत होते.

“उजवा पडला,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा डावा पडल्यासारखा होता.

“कशामुळे?”

“तुझ्यामुळे.”

त्यांनी पडद्यावर दाखवलं. तेविसाव्या वेळी जुन्या सगळ्या अटी तशाच होत्या, एक नवी होती. मी साळगेवाडीत राहायचं. ती ऐकून यंत्रानं प्रतिआर्वीला गावात ठेवून घेतलं. चौथ्या महिन्यात ती कंटाळली आणि तिनं तिठ्यावर पंक्चर काढायचं दुकान टाकलं. तिथे मंगळुरूचा एक मासळीचा ट्रक अडकला. ड्रायव्हर समोरच्या खानावळीत जेवला. त्याला तिथलं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं इतकं आवडलं की त्यानं मालकाला फोन लावला. मालक आला. मग शिंपल्यांची शेती, मग बंदर, मग बँक. विसाव्या वर्षी खाडीपट्टा शेजाऱ्यांना कर्ज देत होता.

“सर, मला पंक्चर काढता येत नाही.”

“प्रतिआर्वीलाही येत नव्हतं. म्हणून तर ट्रक चार तास थांबला.”

“सर, हा नुसता फासा आहे. तेवीस वेळा टाकला, एकदा पडला.”

“मला सांगतेस?” सर म्हणाले. “मी बाईंना म्हटलं, याच अटी पुन्हा चालवून बघू. त्या म्हणाल्या, उजवी पडल्यावर पुन्हा विचारतात का.”

घरी आले तेव्हा बाबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

“बाबा, काय घातलात गाऱ्हाण्यात?”

“काय घालूचा? नेहमीचाच.”

“त्यात मी आसंय.”

“देवासमोर उभो रवलंय काय तुझा नाव येताच तोंडात. माका काय म्हायत, ह्यो सगळा लिवन घेता म्हणान.”

“बावीस वेळा नाय इला ता.”

अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली.

“बावीस वेळा तू थंयसर उभी होतंस,” ते म्हणाले.

मी नोकरीचं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. रोज स्वेटर घालून जाणारी मी त्या सकाळी नवा ड्रेस घालून निघाले होते, ते त्यांनी बघितलं होतं.

आठ दिवसांत तिठ्यावर माझं दुकान उभं राहिलं. मी बांधलं नाही, गावानं बांधलं. हवेचा पंप वारंगबाईंनी स्वतः पाठवला, त्याला हार घातलेला होता. पहिलं गिऱ्हाईक म्हणून काशिनाथ मेस्त्री सायकलचं चाक खांद्यावर घेऊन आला. टायरमध्ये एक नवाकोरा खिळा होता, डोक्याशी दुकानाचं तेल अजून तसंच.

“खंय गेलो ह्यो?” मी विचारलं.

“घराकडेच.”

“घरात खिळा कसो गेलो?”

“हातोडीन,” काशिनाथ म्हणाला. “देशासाठी.”

त्याच्यामागे अकरा जण चाकं घेऊन उभे होते. मी पहिलं चाक संध्याकाळपर्यंत पुरतं फाडलं. लोक बघत होते, माना हलवत होते. कुणीतरी समाधानानं म्हणालं, “बरोबर. असाच होवक व्हया.”

लेहला रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. मी बसस्टँडवर गेले. कंडक्टर माझ्या वर्गातला, दत्ता गावडे. त्यानं पुलापलीकडचं तिकीट द्यायला नकार दिला. “कलम सतरा,” म्हणाला, आणि मागच्या माणसाला तिकीट दिलं. मी चालत पुलावर गेले. तिथल्या पोलिसानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि परत पाठवलं. धमकी कुणीच देत नव्हतं. सगळे इतकं गोड बोलत होते की रात्री मला झोप लागेना. दिवसा एका जागी बसवेना. दुकानातून घरी, घरातून शीतगृहात, शीतगृहातून दुकानात. ज्या गावात मला आयुष्यभर राहायचं होतं तिथे मला दहा मिनिटं बसता येत नव्हतं.

वारंगबाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या.

“बाळा, लेहला एवढं काय आहे?”

“हिमनद्या.”

“आपण आणू,” त्या म्हणाल्या. त्यांना ते अशक्य वाटत नव्हतं, हे मला जास्त भीतिदायक वाटलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “हे बघ, मला माहीत आहे. सरांनी मला फाशाचं सांगितलंय. पण लोकांना एकदा तरी होकार मिळालाय गं. बावीस वेळा नाही ऐकून आलेत ते. तू गेलीस तर मी काय दाखवू त्यांना?”

त्या खोटं बोलत नव्हत्या.

मी शीतगृहात गेले आणि तेविसावी वीस वर्षं सावकाश बघायला बसले. देशाकडे नाही, आमच्या घराकडे. यंत्राला घरात काय बोलणं होतं ते ऐकू येत नाही, पण कोण कुणाशी बोलतंय हे त्याला कळतं. विजेवरून, गॅसवरून, फोनवरून घरात काय चाललंय त्याचा अंदाज ते बांधतं. मी दुपारभर बघितलं. मग बाबांना घेऊन आले.

पडद्यावर आमच्या घराचा चौकोन आणि त्यात दोन ठिपके.

“ह्यो मी?” बाबांनी विचारलं.

“व्हय. आणि ह्यो मी.”

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. पहिल्या वर्षी दोन ठिपक्यांमध्ये सतत एक बारीक रेघ उमटत होती, विझत होती. दुसऱ्या वर्षी कधीतरी. मग रेघ यायची थांबली. वर्षं पळत होती. कोपऱ्यात देशाचे आकडे चढत होते. ठिपके घरात फिरत होते.

“ह्या यंत्र बंद पडला काय?”

“नाय. आमी बोलत नाय आसंव.”

“किती दिस?”

“शेवटपर्यंत.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “ह्या खाली काय पेटता?”

“गॅस. एकदा सात वाजता पेटता, एकदा नऊ वाजता.”

“दोनदा कित्या?”

ते बघत राहिले. त्यांनी चाळीस वर्षं लोकांची भांडणं देवासमोर मांडली होती, त्यांना समजायला वेळ लागला नाही. एका घरात दोघं वेगवेगळं रांधून खात होती.

“देश कसो चललोहा?” बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

“झकास.”

“हं,” बाबा म्हणाले. स्वेटरची बाही ओढून त्यांनी हात झाकून घेतले.

शेवटची सुनावणी कोकम कारखान्याच्या मैदानात झाली. दिल्लीहून बिस्वाल नावाचे अधिकारी आले होते. बाबांनी सगळ्या अटी लोकांसमोर एकेक करून म्हणायच्या, लोकांनी होकार द्यायचा, बिस्वाल साहेबांनी सही करायची, की देश. माणसं झाडांवर बसली होती. मी स्टेजच्या बाजूला उभी होते, पायातली चप्पल काढ-घाल करत.

सोळा अटी झाल्या. मिठाला होकार मिळाला. बाबा थांबले.

“सतरावी म्हणनंय नाय,” ते म्हणाले. “ती राज्याची नाय, माझ्या घराची. मी घातली, मी परत घेतंय.”

वारंगबाई पुढे आल्या. “विश्रामभाऊ, उजवी पडलीय. आता मागे घेता येत नाही.”

“उजवी पडली ती माझ्या चेडवावर पडली. माझा चेडू म्हणजे काय कोंबो न्हय, कबूल करून ठेवूक.”

“आणि देशाचं काय?” मागून काशिनाथ मेस्त्री ओरडला. त्यानं पुन्हा एक चाक आणलं होतं.

“तुमका देश व्हयो तर करा,” बाबा म्हणाले. “बुडात तर बुडात, तगात तर तगात. पण तेचो भार तिच्या एकटीवर नको. आणि तिका पंक्चर काढूक येणा नाय, तां मी रोज बघतंय.”

यावर मात्र कुठूनतरी हसू फुटलं. वारंगबाई हसल्या नाहीत. त्या बिस्वाल साहेबांकडे वळल्या आणि कसंबसं म्हणाल्या, “एक अट कमी झाली तर चालेल का?”

बिस्वालांनी घड्याळ बघितलं. “मॅडम, दिल्लीने नकाशा छापायला देऊन टाकलाय,” ते म्हणाले, आणि सही केली.

अशा रीतीनं आम्ही स्वतंत्र झालो. यंत्रानं दिलेला एकमेव होकार आम्ही मोडला होता, म्हणजे आता देश कुठल्याच कौलावर उभा नव्हता. हे फक्त मला आणि सरांना कळलं. सर त्या दिवशी खूप जेवले.

दत्ता गावडेनं मला तिकीट दिलं, पण पुलापाशी उतरवलं. पुढे परदेश होता, त्याच्या गाडीला परवाना नव्हता. बाबा पुलाच्या टोकापर्यंत आले. “पोचलंस काय फोन कर,” म्हणाले, आणि मी वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. पोलिसानं त्यांनाही खुर्ची दिली होती.

आता वर्ष होत आलं. इथे दिवसभर मी बर्फाला भोकं पाडते, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. बाबा रोज फोन करतात, देशाच्या बातम्या देतात. देश तगला का, असं इथले लोक मला विचारतात. सांगता येत नाही. शिंपल्यांना भाव बरा मिळतोय. वीज दुपारी नसते. शाळेत मुलांना खाडीपट्ट्याचा इतिहास शिकवतात, तो आठ पानांचा आहे. डायलिसिसचं यंत्र आलंय, ते चालवणारा अजून व्हिसाच्या रांगेत आहे. गेल्या महिन्यापासून मात्र बाबांच्या बोलण्यात एक वेगळा विषय येत होता.

“परत जुन्या देशात जावचा काय, असा लोकांच्या मनात इला हा,” काल ते म्हणाले.

“मग यंत्राला विचारा.”

“यंत्र खंयचा? थंय आता बांगडे ठेवले हत. देवाक इचारलंव.”

“आणि?”

“डावी. परत डावी. मगे परत.”

“गाऱ्हाण्यात काय घातलात?”

पलीकडून सुपारी कातरल्याचा आवाज आला.

“तुझा नाव नाय घेतलंय,” बाबा म्हणाले.

“खरां?”

“एकदा घेतलंय. जत्रेक इली तर बरां, इतक्याच.”

“मग?”

“उजवी पडली.” त्यांनी घसा साफ केला. “आता ती उजवी देशाची काय तुझ्या जत्रेची, ह्येच्यावर हंय भांडणां चालली हत. वारंगबाई म्हणता, देशाची. काशिनाथ म्हणता, जत्रेची. शेवटाक असा ठरला, तू इलंस तर उत्तर तुझा, देशाचा परत इचारूचा. नाय इलंस तर देशाचा.”

“म्हणजे पुन्हा माझ्यावर?”

“छे, छे. तुझ्यावर कायएक नाय,” बाबा घाईघाईनं म्हणाले. “तुका जमात तर ये. नाय तर नको. मी कोणाक कायएक सांगूक नाय. फक्त तुझ्यासाठी घेतलली सुरमई खंय ठेवची ता माका कळाक व्हया.”

“बर्फात ठेवा,” मी म्हटलं, आणि फोन कानाला तसाच धरून पासपोर्ट कुठे ठेवलाय ते शोधायला उठले.